रोजची ४० मिनिटं

(आपल्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात अंबाजोगाई येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



शाळा सुटल्यावर नवीन काय शिकलात ते दहा मिनिटांत सांगा, असा संयोजकांचा हुकूम आहे. मी पडले संगणकवाली. सॉफ्टवेअरवर बोलायला लागले तर मागच्या रांगा सरळ जेवणाच्या मंडपात जाऊन बसतील. म्हणून मी फ्रेंच भाषेबद्दल बोलणार आहे. वयाच्या ४१व्या वर्षी, शिकवणी न लावता, घरी रोज ४० मिनिटं बसून मी ती शिकले.

"ह्या वयात? आणि कशाला गं?" असं आईने विचारलं होतं. तुमच्याही मनात तेच असणार. आमच्या कंपनीचं काम फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या लोकांबरोबर चालतं. बैठक इंग्रजीत होते; पण संपता संपता ती मंडळी आपसांत फ्रेंच बोलू लागतात आणि बरेचसे खरे निर्णय त्या शेवटच्या पाच मिनिटांतच होतात. हे झालं एक कारण. दुसरं कारण जरा खोलातलं आहे. आमच्या धंद्यात कॉलेजात शिकलेलं दहा वर्षंही पुरत नाही. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला 'आता याला नवं जमेल का?' अशा नजरेने बघतात. ते जमतं का, हे मला स्वतःवरच तपासून बघायचं होतं.

धीर दिला तो लोकमान्यांनी. २२ जुलै १९०८च्या रात्री टिळकांना सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. दुसऱ्या दिवशी त्यांना ५२ वर्षं पूर्ण होणार होती. मंडालेच्या तुरुंगात त्यांनी 'गीतारहस्य' लिहिलं, हे आपण सगळ्यांनी पाठ केलंय. पण त्याच तुरुंगात त्यांनी जर्मन, फ्रेंच आणि पाली या भाषांचाही अभ्यास केला, हे आपल्या लक्षात राहत नाही. शिकवायला कोणी नाही, फक्त बाहेरून मागवलेली पुस्तकं. लिहायला पानांवर आकडे घातलेल्या बांधीव वह्या आणि पेन्सिली. त्यांना त्या भाषांतले ग्रंथ वाचायचे होते. म्हणून पुस्तकावर भागलं. मला ऐकायचं आणि बोलायचं होतं. आपल्याला भाषा कशासाठी हवी, हे आधी ठरवलं की अभ्यासाची दिशा ठरते.

आणि रोजच्या मापाचं म्हणाल, तर त्यासाठी गाव सोडून जायलाच नको. आपल्या दासोपंतांना रोज एका ढब्बू पैशाची शाई लागायची, अशी आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकतो. सुमारे ४० फूट लांबीच्या पासोडीवर त्यांनी लिहिलेलं 'पंचीकरण' आजही आपल्या गावात जपून ठेवलेलं आहे. मी माझ्यापुरता त्या आख्यायिकेचा अर्थ असा घेतला: उत्साह आला की दौत भरून नव्हे, तर रोजची ठरलेली शाई रोज संपवायची.

माझं माप ४० मिनिटं. पहाटे साडेपाच ते सहा वाजून दहा. पहिली १० मिनिटं जुन्या शब्दांची. बुटाच्या खोक्यात पाच कप्पे केले. चिठ्ठीच्या एका बाजूला मराठी शब्द, दुसऱ्या बाजूला फ्रेंच. आठवला की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात. नाही आठवला की परत पहिल्या कप्प्यात. पहिला कप्पा रोज उघडायचा, दुसरा दोन दिवसांनी, असं करत पाचवा महिन्याने. ही युक्ती सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२च्या आपल्या पुस्तकात मांडली. त्यामागचं कारण त्याहून जुनं आहे. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवर प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं आपण सुरुवातीलाच सगळ्यांत वेगाने विसरतो. म्हणून उजळणी आधी लवकर लवकर आणि मग लांब लांब अंतराने.

पुढची २० मिनिटं शुद्धलेखन. हो, आपलंच ते! फ्रान्सच्या आरएफआय रेडिओवर सोप्या फ्रेंचमध्ये दहा मिनिटांच्या बातम्या असतात आणि त्यांचा लेखी मजकूरही मिळतो. मी दोन मिनिटांचा तुकडा ऐकायचे, थांबवत थांबवत वहीत लिहायचे आणि मग मजकूर उघडून लाल पेनाने तपासायचे. फ्रेंचमध्ये लिहिलेली अर्धी अक्षरं बोलताना गायब असतात. 'मी बोलतो', 'तू बोलतोस' आणि 'ते बोलतात' यांतली क्रियापदं लिहायला वेगवेगळी, पण उच्चार तिघांचाही 'पार्ल'. त्यामुळे आपल्याला काय कळलं आणि काय नाही, ते वहीत लगेच उघडं पडतं. तिकडेही शुद्धलेखनाचं मोठं प्रस्थ आहे. बेर्नार पिव्हो यांनी १९८५ ते २००५ अशी वीस वर्षं त्याच्या स्पर्धा घेतल्या आणि मोठमोठी माणसं दूरदर्शनसमोर वही घेऊन बसायची.

उरलेली १० मिनिटं मोठ्याने वाचायचं आणि आपल्या मनाने पाच वाक्यं लिहायची.

मराठीने मला किती हात दिला म्हणून सांगू! इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू'. फ्रेंचमध्ये 'त्यू' आणि 'व्हू', म्हणजे आपलं तू आणि तुम्ही. 'मी गेलो' आणि 'मी गेले' यांतला फरक फ्रेंचमध्येही करावा लागतो, फक्त तिथे तो लिहिण्यात दिसतो, कानाला कळत नाही. खुर्ची दोन्हीकडे 'ती'च. चंद्र मात्र तिकडे 'ती' आहे, हे पचवायला मला आठवडा लागला. 'व्हू' आणि 'आव्हे' जवळ आले की 'व्हूझाव्हे' होतं. संस्कृतच्या तासाला संधी सोडवलेल्यांना यात काय अवघड? आणि आमची आजी बाजारात ऐंशी न म्हणता 'चार विसा' म्हणायची. फ्रेंचमध्ये ऐंशीला 'कात्र-व्हँ' म्हणतात, शब्दशः चार वीस. सत्त्याण्णव म्हणजे चार विसा, दहा, सात. आजी पॅरिसच्या बाजारात अडली नसती.

मधले दिवस सगळेच सरळ गेले नाहीत. वडील १९ दिवस दवाखान्यात होते. तेव्हा ४० मिनिटं कुठली? मग बाहेरच्या बाकावर बसून पाच चिठ्ठ्या. पाचच, पण रोज. वडील घरी आले तेव्हा अभ्यास नव्याने सुरू करावा लागला नाही. तो थांबलाच नव्हता.

बोलणं मात्र एकट्याने येत नाही, हेही सांगते. त्यासाठी ल्योंमधली एक सहकारी मैत्रीण पंधरवड्यातून एकदा अर्धा तास द्यायची. दोन वर्षांनी मी पुण्याच्या अलियाँस फ्रान्सेजमध्ये 'देल्फ' परीक्षेची बी-१ पातळी दिली. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं, प्रत्येकी २५ गुण. पास व्हायला एकूण ५० आणि प्रत्येक भागात निदान ५ लागतात. मला ७१ मिळाले. सगळ्यांत कमी अर्थातच बोलण्यात. (इथे बसलेल्या काहींचा यावर विश्वास बसणार नाही.)

आता मुद्द्याचं. ही पद्धत मी पहिल्यांदा रेडिओवर किंवा पुस्तकात पाहिली नव्हती. ती पाहिली आपल्या वर्गात. आठवतं ना, दिवाळी झाली की आपल्या वर्गातले बाक रिकामे व्हायचे. घरच्यांनी मुकादमाकडून उचल घेतलेली असायची आणि मुलंही आईबापांबरोबर कारखान्याच्या फडावर जायची. माझ्या शेजारी बसणारी मैत्रीणही आठवीत तशीच गेली. जाताना मराठीच्या बाईंनी तिला २०० पानी वही दिली, प्रत्येक पानावर तारीख घालून. रोज पुस्तकातल्या दहा ओळी वाचायच्या, पुस्तक मिटून लिहायच्या, पुस्तक उघडून लाल पेनाने आपल्या आपण तपासायच्या. पाडव्याच्या सुमारास ती परत आली तेव्हा वहीला उसाच्या पाचटाचा वास होता आणि त्या दिवसापर्यंतचं एकही पान कोरं नव्हतं. कोपीत, चिमणीच्या उजेडात लिहिलेली वही होती ती. आज ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दुसऱ्या रांगेत बसली आहे. नाव घेत नाही, नाहीतर उठून जाईल.

माझ्याकडे दिवा होता, इंटरनेट होतं, पगार होता. तिच्याकडे वही होती. तरीही दोघींचं काम एकाच गोष्टीने झालं: रोजचं ठरलेलं माप, आणि चूक आपली आपल्याला सापडेल अशी सोय. शिक्षक समोर नसताना शिकता येणं हे श्रीमंतांचं चैनीचं काम नाही. आपल्या बीड जिल्ह्यात ती गरज आहे, कारण इथे दरवर्षी कितीतरी मुलांची शाळा मध्येच मागे राहते.

म्हणून आपल्या तुकडीतर्फे एक करू या. आज जमलेल्या निधीतून कमान आणि घड्याळ नको. दिवाळीनंतर फडावर जाणाऱ्या, किंवा हंगामी वसतिगृहात मागे राहणाऱ्या आपल्या शाळेतल्या प्रत्येक मुलाला तारखा घातलेली वही देऊ. सर आणि बाईंच्या आवाजात धडे ध्वनिमुद्रित करून घरच्यांच्या फोनवर पाठवू, म्हणजे ऐकून लिहायचं आणि पुस्तक उघडून तपासायचं. आणि आठवड्यातून एकदा आपल्यापैकी एकाने फोन करून विचारायचं, "किती पानं झाली?" तेवढं विचारणारं कोणीतरी लागतंच, मलाही लागलं.

रविवारी सकाळी दोन मुलांना मी फोन करीन. बाकीची नावं जेवणाआधी वहीत लिहून द्या. वही बाईंच्या हातात आहे.