आजींची गाणी मोबाईलवर टिपताना

वसईच्या उत्तर पट्ट्यात सामवेदी ख्रिस्ती आणि सामवेदी ब्राह्मण, दोघांच्याही घरांत कादोडी बोली आहे. या बोलीतली लग्नाची गाणी आम्ही आमच्या वाडीतल्या आजींकडून मोबाईलवर टिपून घेतो. इतर गट विचारतात, कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये काय निवडायचं?

आम्ही फुल एचडी, म्हणजे १०८० निवडतो. फोर के दिसायला छान, पण तासाला २० जीबीच्या वर जागा खाऊ शकतं. १०८० ला साधारण ८ पुरतात. म्हणजे ३२ जीबीच्या कार्डावर एकात जेमतेम दीड तास, दुसऱ्यात चार. आजी एकदा रंगात आल्या की मध्येच ‘थांबा, मेमरी भरली’ कोण सांगणार?

सेकंदाला ६० चित्रं नाचाला, कबड्डीला ठेवा. बसून गाणाऱ्या बाईला २५-३० पुष्कळ. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाईट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते आणि ३० वर कधी कधी पट्टे सरकताना दिसतात. फोनमध्ये २५ असेल तर ते घ्या. नसेल तर आजींना दिवसाउजेडी ओटीवर बसवा, झालं!

एचईव्हीसी प्रकारात फाईल जवळजवळ निम्मी होते, पण जुन्या कॉम्प्युटरवर बऱ्याचदा उघडत नाही. सगळ्यांना वाटायची तर एच २६४ बरी. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ दाबून लहान होतो, म्हणून मूळ फाईल दोन वेगळ्या घरी, दोन पेनड्राईव्हवर ठेवा. दोन्ही लावून बघा, मगच फोनमधून पुसा.