कंपनी कोणाची? : जालन्यातून दिसणारी जगाची कारभारपद्धती



‘कॉर्पोरेट गव्हर्नन्स’ हा शब्द कानी पडला की मुंबईचा शेअर बाजार किंवा न्यूयॉर्कच्या उंच इमारती डोळ्यांपुढे येतात. जालन्याच्या मोंढ्याशी किंवा औद्योगिक वसाहतीतील पोलादाच्या भट्ट्यांशी त्याचा काही संबंध असेल असे सहसा कोणाला वाटत नाही. वास्तविक कंपनीचा कारभार कोणी, कोणासाठी आणि कोणाच्या देखरेखीखाली चालवावा, एवढाच या शब्दाचा अर्थ आहे. या प्रश्नाला निरनिराळ्या देशांनी दिलेली उत्तरे समजून घेण्यासाठी जालन्यातीलच एका कंपनीचा इतिहास पुरेसा आहे.

हैदराबाद मुक्तिसंग्रामात भाग घेतलेले बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनी, अर्थात ‘महिको’ स्थापन केली. १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी अमेरिकेच्या मोन्सँटो कंपनीने महिकोचे २६ टक्के भाग घेतले. या आकड्याचे महत्त्व ध्यानात घेण्यासारखे आहे. भारतीय कायद्यानुसार कंपनीच्या विशेष ठरावाला तीन चतुर्थांश मते लागतात. म्हणजे २६ टक्क्यांचा धनी कंपनी चालवू शकत नसला, तरी असा ठराव अडवू शकतो. पुढे दोन्ही कंपन्यांच्या निम्म्या-निम्म्या भागीदारीतील कंपनीमार्फत बीटी कापसाचे तंत्रज्ञान भारतात आले आणि २००२ मध्ये त्याच्या लागवडीला परवानगी मिळाली.

मोन्सँटो ही अमेरिकी घडणीची कंपनी होती. त्या देशात भागधारक हाच धनी मानला जातो आणि कारभाराचे यशापयश मुख्यतः भागाच्या बाजारभावाने मोजले जाते. या पद्धतीने भांडवल झपाट्याने उभे राहते, परंतु भाव फुगवण्याचा मोहही तिच्यातूनच जन्म घेतो. २००१ मध्ये एन्रॉन कोसळली आणि पुढच्याच वर्षी तेथील सरकारला हिशेबांची जबाबदारी थेट उच्चाधिकाऱ्यांवर टाकणारा सार्बेन्स-ऑक्स्ले कायदा करावा लागला. दाभोळच्या प्रकल्पामुळे एन्रॉन हे नाव महाराष्ट्राला वेगळे सांगावयास नको.

२०१८ मध्ये जर्मनीच्या बायर कंपनीने मोन्सँटो विकत घेतली. भारताच्या स्पर्धा आयोगाने या व्यवहाराला संमती देताना महिकोतील ते २६ टक्के भाग विकून टाकण्याची अट घातली. कंपन्या सातासमुद्रापार एक झाल्या, तरी त्यांचा येथील बाजारावरील प्रभाव किती असावा हे येथील संस्था ठरवू शकते, याचे हे बोलके उदाहरण होय.

बायरच्या देशातील पद्धत निराळी आहे. तेथे मोठ्या कंपनीत दोन मंडळे असतात. एक मंडळ कारभार करते आणि दुसरे त्याच्यावर देखरेख ठेवते. १९७६ च्या कायद्यानुसार दोन हजारांहून अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीच्या पर्यवेक्षक मंडळात निम्म्या जागा कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधींना मिळतात. कोळसा व पोलाद उद्योगांत तर ही समानता १९५१ पासून आहे. मात्र ही पद्धतही निर्दोष नाही. २०१९ च्या वार्षिक सभेत बायरच्या निम्म्याहून अधिक मतांनी कार्यकारी मंडळाच्या कामास मान्यता नाकारली, तरीही पर्यवेक्षक मंडळ त्या नेतृत्वाच्याच पाठीशी उभे राहिले.

जपानमध्ये एकमेकांचे भाग धारण करणारे उद्योगसमूह, त्यांची मुख्य बँक आणि आयुष्यभर एकाच कंपनीत राबून संचालकपदी पोहोचलेले कर्मचारी, अशी घडण अनेक दशके टिकली. तिच्यातून निष्ठा लाभली, पण वरिष्ठांना प्रश्न विचारणारा कोणी उरला नाही. २०१५ मध्ये तोशिबाचे फुगवलेले हिशेब उघडकीस आले, तेव्हा या उणिवेची मोठी किंमत त्या देशाने मोजली.

आपल्याकडे २००९ मध्ये सत्यमचा घोटाळा झाला. त्यानंतर २०१३ चा कंपनी कायदा आला. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना एक तृतीयांश स्वतंत्र संचालक नेमणे त्याने बंधनकारक केले. परंतु खासगी मर्यादित कंपनीला दोन संचालक पुरतात, आणि पुष्कळदा ते पिता-पुत्र किंवा बंधू असतात. जिल्ह्यातील पोलाद व बियाणे उद्योगात असे कौटुंबिक घटक बरेच आहेत. कुटुंबाची पत हेच त्यांचे बळ असते. तथापि पिढी बदलताना, वाटण्या होताना आणि कर्जाची परतफेड अडली असताना कुटुंबाबाहेरचा एकही जाणता मनुष्य मंडळात नसेल, तर धोक्याचा इशारा देणार कोण?

येथे दत्तोपंत ठेंगडी यांच्या विचाराचे स्मरण होते. राष्ट्राचे औद्योगिकीकरण, उद्योगांचे श्रमिकीकरण आणि श्रमिकांचे राष्ट्रीयीकरण, ही भारतीय मजदूर संघाची त्रिसूत्री होय. मालक आणि मजूर हे जन्मजात शत्रू नसून एकाच उद्योग-कुटुंबाचे घटक आहेत, हा तिचा गाभा आहे. व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग असावा, असे राज्यघटनेचे कलम ४३-अ सांगते. जर्मनीने जे सक्तीच्या कायद्याने साधले, त्याची मार्गदर्शक तत्त्व म्हणून नोंद आपल्या घटनेत १९७६ च्या दुरुस्तीपासून आहे. भट्टीपुढे उभ्या राहणाऱ्या कामगाराला संचालक मंडळात स्थान मात्र क्वचितच दिसते.

या साऱ्या पद्धतींत बियाणे विकत घेणारा शेतकरी कोठेच नाही. न्यूयॉर्कच्या पद्धतीत तो नाही, आणि कर्मचाऱ्यांना निम्म्या जागा देणाऱ्या जर्मन मंडळातही नाही. त्याला जागा देणारी रचना भारतीय कायद्यानेच निर्माण केली आहे. २००३ पासून लागू झालेल्या तरतुदींनुसार दहा उत्पादक शेतकरी एकत्र येऊन उत्पादक कंपनी स्थापन करू शकतात. अशा वैयक्तिक सभासदांच्या कंपनीत भाग कितीही असले तरी एका सभासदाला एकच मत असते. कंपनीची शिस्त आणि सहकाराची समता यांचा तो संगम आहे. मात्र केवळ अनुदानासाठी कंपनी नोंदवायची आणि वार्षिक सभा कागदावर उरकायची, हा रोग तेथे शिरला, तर दोष कायद्याचा नसेल.

परदेशांच्या कारभारपद्धतींचा अभ्यास जरूर करावा. अनुकरण विवेकाने करावे. अमेरिकेकडून हिशेबाची कठोरता घ्यावी, जर्मनीकडून श्रमिकाला दिलेला मान घ्यावा आणि जपानकडून कामावरील निष्ठा घ्यावी. धनी हा संपत्तीचा विश्वस्त आहे, ही भावना मात्र आपल्या परंपरेतच आहे. ती कोणाकडून उसनी आणावी लागत नाही. जालन्याच्या तरुण उद्योजकाने आपल्या मंडळात कुटुंबाबाहेरचा एक निर्भीड संचालक घ्यावा, कामगारांशी नियमित बैठक ठेवावी आणि वर्षाचा ताळेबंद कामगारांना समजेल अशा मराठीत त्यांच्यापुढे मांडावा. यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहण्याची आवश्यकता नाही.