पदवी अभ्यासक्रमांच्या पूर्वअटी आणि अकरावीचा अर्ज : अध्यक्षीय भाषण



पदवीच्या प्रत्येक अभ्यासक्रमाला दोन पूर्वअटी असतात. एक माहितीपुस्तिकेत छापलेली असते : बारावीचे विषय, किमान गुण, प्रवेश परीक्षा. ही झाली पात्रता. दुसरी कुठेही छापलेली नसते आणि पहिल्याच सत्रात पुढ्यात येते : विषयाला हात घालण्याआधी काय येत असायला हवे. हे झाले पूर्वज्ञान. वसमत तालुक्यातल्या आपल्या हट्टा गावच्या मुलामुलींसाठी या दोन्हींचा निकाल बहुतांशी बारावीनंतर लागत नाही; दहावीनंतर अकरावीचा अर्ज भरला जातो तेव्हाच लागतो.

पूर्वअट वाट कशी अडवते, हे मराठवाड्याने पूर्वीच अनुभवले आहे. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता. पण माध्यम उर्दू असल्याने परभणी जिल्ह्यातल्या मराठी मुलाला, विषय कोणताही असो, आधी उर्दू यावी लागे. १९५८ मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ आणि १९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाल्यावर भाषेची आणि अंतराची अडचण बरीच कमी झाली. विषयांची अट मात्र राहिली.

सर्वांत मोकळे दार कला शाखेचे. बी.ए.ला बारावीची कोणतीही शाखा चालते. पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमालाही शाखेची अट नाही. खुल्या प्रवर्गाला बारावीत किमान ४५ टक्के गुण आणि सीईटी लागते. पण कागदावर अट नाही म्हणून पूर्वज्ञान लागत नाही असे नव्हे. अर्थशास्त्रात मागणीची लवचिकता समजायला आलेखाचा उतार वाचता यावा लागतो, पुढे सांख्यिकी येते. मराठी साहित्याच्या विद्यार्थ्याला पाठ्यपुस्तकाबाहेरचे वाचन नसेल, तर समीक्षेच्या तासाला त्याच्या पदरी फक्त नोट्स पडतात.

विज्ञान शाखेत अटी कडक होतात. बी.एस्सी.ला बारावी विज्ञान लागते, आणि गणित घेऊन पदवी करायची तर बारावीलाही गणित असावे लागते. अभियांत्रिकीला भौतिकशास्त्र आणि गणित अनिवार्य. सोबत रसायनशास्त्र किंवा ठरवून दिलेला दुसरा विषय, खुल्या प्रवर्गाला ४५ व राखीव प्रवर्गाला ४० टक्के गुण आणि एमएचटी-सीईटी. दहावीनंतर पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षात जाण्याची वाटही आहे. वैद्यकाला भौतिक, रसायन, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नीट ही प्रवेश परीक्षा. फार्मसी यांच्या मधोमध आहे : भौतिक आणि रसायन हवेतच, तिसरा विषय गणित असो वा जीवशास्त्र. २०२४ मध्ये हिंगोलीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. दार जिल्ह्यात आले, तरी अकरावीला जीवशास्त्र सोडलेल्या विद्यार्थ्याला ते सहज उघडत नाही. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने २०२३ मध्ये बारावीनंतर जीवशास्त्र अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण झालेल्यांना मुभा दिली, पण त्यात वेळ जातोच.

सर्वांत महाग पडते ते गणित सोडणे. ‘डॉक्टरच व्हायचंय, मग गणित कशाला’ म्हणत अनेक जण पीसीबी (भौतिक, रसायन, जीवशास्त्र) ग्रुप घेतात आणि नीटमध्ये नंबर न लागल्यावर बी.एस्सी. रसायनकडे वळतात. फर्स्ट ऑर्डर अभिक्रियेचा अर्धायुकाल म्हणजे ०.६९३ भागिले वेग-स्थिरांक, हे सूत्र त्यांना बारावीपासून पाठ असते. पदवीला ते सिद्ध करायचे असते. ०.६९३ हे दोनचे नैसर्गिक लॉगॅरिदम आहे आणि ते समीकरणात इंटिग्रेशनमधून येते. इंटिग्रेशनच शिकलेले नसेल, तर हुशार विद्यार्थीही पाठांतराचा आधार घेतो. प्रवेश मिळालेला असतो, विषय मिळालेला नसतो.

यावरचा चांगला उपाय कृषी शिक्षणाने दाखवला. वसमत तालुक्यातल्या हळद उत्पादकांच्या घरांना परभणीचे कृषी विद्यापीठ जवळचे. बी.एस्सी. कृषीला पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) आणि पीसीबी, दोन्ही गटांचे विद्यार्थी येतात. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या पाचव्या अधिष्ठाता समितीने आखलेल्या अभ्यासक्रमात म्हणूनच जीवशास्त्र नसलेल्यांसाठी प्राथमिक जीवशास्त्र आणि गणित नसलेल्यांसाठी प्राथमिक गणित ठेवले गेले. उणीव आधी मान्य केली आणि पदवीच्या आतच भरून काढली.

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० नुसार मुख्य विषयाबरोबर दुय्यम आणि खुले ऐच्छिक विषयही घ्यावे लागतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२५ च्या नियमांनी तर संबंधित प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झाल्यास बारावीचे विषय कोणतेही असले तरी इतर विद्याशाखेत जाण्याची मुभा दिली. वैद्यक, अभियांत्रिकी, विधी यांच्या अटी मात्र त्यांच्या नियामक संस्थाच ठरवतात. ही मोकळीक स्वागतार्ह आहे. पण पात्रतेची अट सैल झाली की पूर्वज्ञानाचा भार कमी होत नाही. तो विद्यार्थ्याच्या आणि पहिल्या वर्षाला शिकवणाऱ्या प्राध्यापकाच्या खांद्यावर येतो.

म्हणून तीन कामे तातडीची आहेत. पहिले शाळांचे : दहावीच्या वर्गातच पदवीकडून अकरावीकडे उलटा वाचता येईल असा विषयांचा तक्ता लावावा आणि पालकांना समजावून सांगावा. दुसरे कनिष्ठ महाविद्यालयांचे : ज्याचे पुढचे नक्की नाही, पण ज्याला झेपेल, अशा विज्ञानाच्या विद्यार्थ्याला गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवण्याचा सल्ला द्यावा. तिसरे वरिष्ठ महाविद्यालयांचे : पहिल्या सत्राच्या सुरुवातीला गुणांविना पूर्वज्ञान चाचणी घ्यावी आणि जिथे उणीव दिसेल तिथे पायाभूत तासिका वेळापत्रकातच बसवाव्यात. एवढे झाले, तर पूर्वअट हे मुलांना गाळण्याचे साधन न राहता त्यांच्या तयारीचे साधन होईल.