मालक कोण, जाब कोणाला?



ज्या कंपनीच्या पगारावर आपले घर चालते, तिची मालकी कोणाची आहे, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. कंपनीची कार्यक्षमता मात्र पुष्कळ अंशी त्यावरच अवलंबून असते.

सन १९३२ मध्ये बर्ल आणि मीन्स या अमेरिकन अभ्यासकांनी दाखवून दिले, की समभाग हजारो लोकांत विखुरले म्हणजे मालकी एकीकडे राहते आणि कारभार दुसरीकडे जातो. प्रत्येकाचा वाटा इतका अल्प, की देखरेखीची तसदी कोणीच घेत नाही. मग व्यवस्थापक आपल्या सोयीने कारभार हाकतात.

एकाच कुटुंबाकडे सूत्रे असली तर धन्याची नजर कामावर राहते, परंतु इतर भागधारक त्याच्या मर्जीवर येतात. डिसेंबर २००८ मध्ये भारतातील सत्यम कंपनीने प्रवर्तक कुटुंबाशी संबंधित दोन कंपन्या विकत घेण्याचे ठरविले. भागधारक खवळले, बेत मागे घ्यावा लागला आणि ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्षांनी खोट्या हिशेबांची कबुली दिली.

तिसरी वाट आपल्या परिचयाच्या जॉन लुईस दुकानांची. जॉन स्पेडन लुईस यांनी १९२९ साली हा व्यवसाय कर्मचाऱ्यांच्या हितासाठी विश्वस्त निधीच्या स्वाधीन करण्यास प्रारंभ केला. तेथे नोकरास ‘भागीदार’ म्हणतात. त्यांनी निवडलेली परिषद अध्यक्षांना जाब विचारू शकते. २००८ साली प्रत्येकास वार्षिक वेतनाच्या २० टक्के बोनस मिळाला. परंतु २०२१ साली, १९५३ नंतर प्रथमच, बोनस मिळाला नाही. समभाग बाजारात विकून भांडवल उभारण्याची सोय नसल्याने अडचणीच्या काळात ही रचना जड जाते.

तात्पर्य, कोणतीही मालकी आपोआप कार्यक्षमता देत नाही. कारभाऱ्यास प्रश्न विचारण्याचा अधिकार कोणाला आहे आणि तो अधिकार वापरला जातो का, हे निर्णायक ठरते. मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत आणि ही तरतूद घटनेतच असावी, असे बाबासाहेबांनी १९४७ साली सुचविले होते. मालकीचा प्रश्न त्यांनी केवळ हिशेबनिसांवर सोपविला नाही.

म्हणून बचत गुंतविण्यापूर्वी वार्षिक अहवालातील भागधारकांचा तक्ता आणि संबंधितांशी झालेले व्यवहार अवश्य वाचा. उद्या आपण एखादी पतसंस्था वा उद्योग उभारला, तर जाब विचारणाऱ्याची खुर्ची आधी मांडा, अध्यक्षांची मागाहून.