वैद्यकाच्या वर्गांतील वर्णभेद

सारी हयात शाळेंत घालविलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. फळ्यावरचें विधान पुसलें तरी तें मुलांच्या मनावरून पुसलें जात नाहीं, मग तें खोटें कां असेना! अमेरिकेंतील वैद्यकीय महाविद्यालयांविषयीं मी आज बोलणार आहें तें शिक्षक या नात्यानें. वैद्यकाचा अधिकार मला नाहीं.

२०१६ सालीं व्हर्जिनिया विद्यापीठांतील संशोधकांनीं २२२ गोऱ्या विद्यार्थ्यांपुढें व शिकाऊ डॉक्टरांपुढें कांहीं विधानें ठेवलीं. 'कृष्णवर्णीयांची कातडी अधिक जाड असते' हें त्यांतलेंच एक. सुमारें निम्म्या जणांनीं असलें एक तरी खोटें विधान खरें मानलें. आणि अशांनीं कृष्णवर्णी रुग्णाच्या वेदना कमी लेखून उपचारहि चुकीचे सुचविले. या समजुती गुलामगिरीच्या काळापासून चालत आल्या आहेत. गुलामाला पळून जावेंसें वाटणें हा एक रोगच होय, असें सॅम्युअल कार्टराइट नांवाच्या डॉक्टरानें १८५१ सालीं लिहिलें होतें. मग जगांतील प्रत्येक तुरुंगांत या रोगाची सांथ असली पाहिजे!

परंतु चूक गणिताच्या वेषांत आली म्हणजे ओळखणें कठीण. मूत्रपिंडें किती काम करतात याचा आकडा रक्तांतील क्रिएटिनिन या द्रव्यावरून काढतात. कृष्णवर्णीयांचे स्नायू अधिक असतात असें धरून त्यांचें उत्तर वाढवून घ्यावें, असा नियम होता. २००९ सालच्या सूत्रांत ही वाढ शेंकडा सुमारें १६ होती. आतां पाहा. अमेरिकेंत हा आकडा २० किंवा त्याखालीं आला कीं मूत्रपिंडरोपणाच्या यादींत रुग्णाचा प्रतीक्षाकाळ मोजूं लागतात. ज्या रक्तावरून गोऱ्याचा आकडा १८ येई, त्याच रक्तावरून काळ्याचा जवळजवळ २१ होई. पहिल्याचा क्रम लागला, दुसरा दाराबाहेरच. आणि आई गोरी, बाप काळा असला तर कोणतें उत्तर घ्यावयाचें?

विद्यार्थ्यांनींच असले प्रश्न लावून धरले. सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठानें २०२० सालीं हा नियम सोडला. २०२१ सालीं वर्णाचा उल्लेख नसलेलें नवें सूत्र आलें. जुन्या नियमामुळें मागें पडलेल्यांचा प्रतीक्षाकाळ मागील तारखेपासून धरण्याचें २०२३ च्या जानेवारींत सुरू झालें. वर्णभेदाची चर्चा वैद्यकाच्या वर्गांत कशाला, असा आक्षेप तेथेंहि घेतला जातो. पण वर्ण तर सूत्राच्या रूपानें त्या वर्गांत आधींच येऊन बसला होता.

चित्रांचीहि तीच कथा. पुस्तकांतील पुरळ बहुधा गोऱ्या कातडीवरचा. काळ्या वा सावळ्या कातडीवर तो कसा दिसतो हें विद्यार्थ्यानें कोठें पाहावें? लंडनच्या सेंट जॉर्जेस येथील मॅलोन मुकवेंडे या विद्यार्थ्यानें २०२० सालीं आपल्या दोन शिक्षकांसह याच विषयावर एक सचित्र पुस्तिका काढली.

हा विषय आपल्यापासून दूरचा नव्हे. करोनाच्या सांथींत आपणहि बोटाला ऑक्सिमीटर लावून बसत होतों. तें यंत्र ठीक आकडा दाखवीत असतांना रक्तांत प्राणवायू कमी असण्याचें प्रमाण कृष्णवर्णी रुग्णांत गोऱ्यांच्या सुमारें तिप्पट आढळतें, असें मिशिगन येथील डॉक्टरांनीं २०२० सालींच प्रसिद्ध केलें होतें. यंत्रांतला प्रकाश कातडींतून जातो, आणि कातडीचा रंग तो शोषून घेतो.