खाडीतील शेवाळ आणि प्रदूषणाचे मोजमाप



गडब परिसरातील खारजमिनीत ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना उघाडीच्या फळ्यांवर चढणारे शेवाळ नवे नाही. बूड वेळच्या वेळी खरवडले नाही तर होडी जड होते, हेही कोळी बांधवांना कोणी सांगावे लागत नाही. हेच शेवाळ जलप्रदूषणाच्या मोजमापातही घोटाळा करते, ही गोष्ट मात्र थोड्यांनाच ठाऊक असेल.

१९७४ च्या जलप्रदूषण प्रतिबंधक अधिनियमाने मंडळाला पाण्याचे नमुने घेण्याचा अधिकार दिला आहे. परंतु बाटलीत सापडते ते त्या घटकेचे पाणी. धरमतरच्या खाडीत भरती-ओहोटीचा फेरा दिवसातून दोनदा होतो. नागोठण्याकडून उतरणाऱ्या अंबा नदीचे पाणी त्यात मिसळते. सकाळच्या बाटलीत जे आले नाही, ते रात्रीच्या ओहोटीबरोबर निघून गेलेले असू शकते.

म्हणून शास्त्रज्ञांनी पाण्यातच ठेवून द्यायची साधने शोधली. त्यांना ‘पॅसिव्ह सॅम्पलर’ म्हणतात. १९९० मध्ये अमेरिकेतील जेम्स हकिन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या साधनात पॉलिथिलीनच्या पातळ, चपट्या नळीत मेद भरलेला असतो. पाण्यात विरघळलेली काही कीटकनाशके व तेलातील घटक तिच्या पापुद्र्यातून आत शिरून मेदात साठतात. मासळीच्या चरबीत विष साठते, जवळपास तसेच.

असे साधन कोमट खाडीत काही आठवडे राहिले की त्यावर प्रथम जिवाणूंचा बुळबुळीत थर धरतो; मग शेवाळ, गाळ आणि कवचधारी जीव. थर जाड झाला की पदार्थांचा प्रवेश मंदावतो. काहींचे विघटन तर थरातील जिवाणूच करतात. परिणामी आकडा कमी येतो आणि पाणी निर्मळ असल्याचा भास होतो. मासळीवर ज्यांचे पोट आहे, त्यांना हा भास परवडणारा नाही.

यावर तोड आहे. निसर्गात न आढळणारा एखादा पदार्थ मोजून मेदात आधीच घालतात. थरामुळे त्याचे बाहेर पडणेही तितकेच मंदावते. तो किती उरला यावरून आत येण्याचा वेग काढता येतो. मात्र सर्वच प्रकारच्या साधनांना हा हिशेब लागू पडत नाही. तांब्याच्या जाळीने जीव दूर राहतात, पण पाण्यातील तांबेच मोजायचे असेल तर ती निरुपयोगी!

तेव्हा असा अहवाल गावापुढे आला, तर साधन किती दिवस पाण्यात होते, वर काढताना त्यावर किती थर होता आणि आकड्यात त्याचा हिशेब धरला आहे काय, एवढे ग्रामस्थांनी अवश्य विचारावे.