कोणत्या ओळीवरून?



राज्यसेवा पूर्व परीक्षेत 2013 पासून आकलनाचे उतारे येतात. त्या पेपरात 33 टक्के गुण नसतील, तर पहिल्या पेपराची मेहनतही वाया जाते. म्हणून उताऱ्यावरून अनुमान कसे काढावे, एवढेच आम्ही सांगणार आहोत.

समजा, उताऱ्यात लिहिले आहे : 'उसाच्या बैलगाड्या भरून कारखान्यात जात होत्या, रिकाम्या होऊन बाहेर येत होत्या.' पर्याय चार : कारखाना ऊस घेत आहे, उसाला भाव चांगला आहे, गाडीवान बीडकडचे आहेत, कारखाना बंद आहे.

ढोकीच्या मुलांना ऊसतोडणीच्या टोळ्या ठाऊक, म्हणून हात तिसऱ्या पर्यायाकडे जातो. ते गावात खरे असेल, पण उताऱ्यात त्याला आधार नाही. भावाचाही उल्लेख नाही. चौथा तर उताऱ्याच्या उलट. पहिले वाक्य कोठेही लिहिलेले नाही, तरी 'भरून आत, रिकाम्या बाहेर' यातून तेच निघते.

आपला अनुभव मोलाचा आहे. तो अर्थ समजायला वापरा, उत्तर उताऱ्यालाच देऊ द्या. प्रत्येक पर्यायाला विचारा : कोणत्या ओळीवरून? ओळीवर बोट ठेवता आले, तरच खूण करा. बँकेत आम्ही व्हाऊचर पाहिल्याशिवाय नोंद करीत नाही, तसेच हे.

शिकलेल्या घरांत हे मुलांना घरीच कोणी सांगते. आपल्या मुलांना ते येथे सांगणे, हे आपणा सर्वांचे काम आहे.

जयभीम!